मोगली यूट्यूबवर सापडतो, मग रविवारची ती सकाळ का सापडत नाही?

जुलै २०२४ मध्ये एक्सवर अचानक एक हॅशटॅग ट्रेंडला आला, ‘रिप कार्टून नेटवर्क’. झालं. तिशी-पस्तिशीतल्या मंडळींनी धडाधड स्टेटस टाकले. कुणी टॉम अँड जेरी लावलं, कुणी स्वॅट कॅट्सचं विमान, कुणी ‘आमचं बालपण गेलं’ म्हणून दोन अश्रूंचे इमोजी.

आता यातली गंमत बघा. चॅनल बंद पडलंच नव्हतं. अमेरिकेत अ‍ॅनिमेशनचं काम करणाऱ्यांची एक मोहीम चालू होती. तिथल्या स्टुडिओंमध्ये माणसं कमी केली जातायत, काम मिळत नाहीये, हे लोकांसमोर यावं म्हणून त्यांनी हा हॅशटॅग चालवला होता. इकडे भारतात चॅनल त्या दिवशीही सुरू होतं. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली त्यांनी रिमोट घेऊन एकदा खात्री केली असती तर समजलं असतं. पण कुणी केली नाही, कारण त्यांच्या मनातलं चॅनल खरंच कधीचं गेलंय.

ते कसं, हे समजायचं असेल तर टीव्हीच्या धंद्यातला एक शब्द माहीत पाहिजे. ब्लॉक.

ब्लॉक म्हणजे एका ठरावीक वेळेत, एका ठरावीक क्रमानं, एकाच प्रकारच्या प्रेक्षकासाठी लावलेले कार्यक्रम. मालिका वेगळी आणि ब्लॉक वेगळा. मालिका विकत घेता येते, साठवता येते, पुन्हा दाखवता येते. ब्लॉकमध्ये मात्र मालिकेच्या आधीची जाहिरात असते, मधली सूचना असते, नंतर काय लागणार याची हुरहूर असते आणि मुख्य म्हणजे घड्याळ असतं. आपल्याकडचा सगळ्यात मोठा ब्लॉक कुठला होता, तर दूरदर्शनची रविवारची सकाळ. १९९० च्या दशकात तिथं ‘द जंगल बुक’ लागायचं, त्याच काळात डिस्नेचं ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ लागायचं. हा ब्लॉक बंद झाला, पण तो बंद होतोय अशी घोषणा कुणी केली नाही. एका रविवारी तो नव्हता, एवढंच.

याची गोष्ट नीट समजायला आपण एकच तालुका घेऊ, मावळ. मावळच का? तर या एका तालुक्यात लोणावळ्यासारखं पर्यटनाचं शहर आहे, तळेगाव-वडगाव-कामशेतसारख्या रेल्वेलगतच्या बाजारपेठा आहेत आणि पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातल्या डोंगराआडच्या वाड्यासुद्धा आहेत. टीव्ही घरात कसा येतो याचे जेवढे प्रकार असतात, तेवढे सगळे इथं चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत सापडतात.

सिंहगडावरून आलेला मोगली

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी, १९७३ मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावरून हे कार्यक्रम पुढे पाठवायची सोय झाली. गडावर गेलेल्या प्रत्येकानं तो टीव्हीचा टॉवर बघितलेला असतो. पिठलं-भाकरीचा फोटो काढताना तो मागं येतोच.

सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. लोणावळा त्याच्यापासून सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आसपास. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेतच जातात, डोंगराला वळसा घालून येत नाहीत. आता या सरळ रेषेच्या वाटेत काय काय आहे? तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर. शिवाजी महाराजांच्या काळात हे किल्ले शत्रूला अडवायचे, १९९० च्या दशकात मोगलीला अडवायचे.

त्यामुळं पुण्यात गच्चीवर अँटेना ठोकला की काम व्हायचं, पण डोंगराच्या कुशीतल्या गावात बांबूला बांबू जोडून अँटेना वर न्यावा लागे. एक जण कौलांवर, एक दारात आणि एक टीव्हीसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं… गेलं!’ हा संवाद ज्यानं केलेला नाही त्यानं दूरदर्शन बघितलं असं म्हणता येत नाही. पावसाळ्यात तर विषयच संपला. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, वारा वेगळा. शनिवारी नीट लावलेला अँटेना रविवारी सकाळी भलत्याच दिशेला तोंड करून असायचा.

पडद्यावर मुंग्या यायच्या हे सगळ्यांना आठवतं. अजून एक प्रकार व्हायचा. एका मोगलीचे दोन मोगली दिसायचे, खरा एक आणि त्याच्या उजवीकडं फिकट दुसरा. याचं कारण साधं आहे. एक लहर टॉवरवरून थेट यायची आणि तीच लहर समोरच्या डोंगरावर आपटून जरा उशिरा यायची. समजा डोंगराच्या वळशामुळं तिला तीन किलोमीटर जास्त जावं लागलं. प्रकाशाच्या वेगानं तीन किलोमीटर म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतंय? पण जुना टीव्ही चित्राची एक आडवी रेघ सेकंदाच्या जेमतेम साडेपंधरा हजाराव्या भागात काढून मोकळा होतो. त्या हिशोबानं तेवढा उशीर म्हणजे दुसरा मोगली पडद्याच्या जवळजवळ एक पंचमांश रुंदी सोडून उभा. म्हणजे मावळातल्या एखाद्या घरात दिसणाऱ्या चित्रात त्या घरासमोरचा डोंगरही असायचा. पुण्यातल्या पोरानं पाहिलेला मोगली आणि खोऱ्यातल्या पोरानं पाहिलेला मोगली अगदी तंतोतंत एक नव्हता.

विजेचा विषय तर काढूच नये. लोणावळा-वळवणच्या धरणांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली. त्याच डोंगरातल्या वाड्यांमध्ये नेमकी रविवारी सकाळी लाइट जायची, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी टाटांपासून बोर्डापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला असेल तर त्यात त्यांचं काय चुकलं?

जपानचं चित्र, नानाचा आवाज

बरं, एवढी यातायात करून बघायचं काय, तर जंगल बुक. याची कुंडली फार भारी आहे.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. पुस्तक आलं १८९४ मध्ये. त्यातलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं आणि नदी वैनगंगा, जी पुढं आपल्या भंडारा-गोंदियाकडं येते. या पुस्तकावर जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ मध्ये ५२ भागांची मालिका काढली. ती १९९३ मध्ये हिंदीत डब होऊन दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरचा.

म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजानं लिहिलेली, जपान्यांनी रंगवलेली, हिंदीत बोलणारी आणि मुरुड-जंजिऱ्याच्या माणसानं डरकाळी फोडलेली ही गोष्ट. तरी ती कुणालाच परकी वाटली नाही. मावळात तर अजिबातच नाही, इथल्या रानात बिबट्या आजही फिरतो.

त्यात डिस्नेच्या ‘टेलस्पिन’नं आणखी गोंधळ घातला. त्यातही एक बल्लू होता, पण तो विमान चालवायचा. त्यातही एक शेरखान होता, पण तो सूट घालून कंपनी चालवायचा. कारण डिस्नेनं आपल्या १९६७ च्या जंगल बुक सिनेमातली पात्रं उचलून १९९० मध्ये ही वेगळीच मालिका काढली होती. इथल्या पोरांना हे कोण सांगणार? जंगलातला बल्लू मोठा होऊन पायलट झाला, असं समजून कितीतरी जण शांतपणे बघत राहिले असतील. आता विचार केला तर ते स्पष्टीकरण काही वाईट नाही.

तुमची आठवण तुमच्या वायरवर ठरते

सोशल मीडियावर ‘नाइंटीज किड’ म्हणून जी आठवणींची यादी फिरते, ती बघितली की एक गोष्ट खटकते. त्यात डेक्सटर असतो, जॉनी ब्राव्हो असतो, पॉवरपफ गर्ल्स असतात, स्वॅट कॅट्स असतात. ही यादी केबल असलेल्या घरांची आहे.

कार्टून नेटवर्क भारतात आलं १ मे १९९५ ला. तेव्हा ते पूर्ण चॅनलसुद्धा नव्हतं. दिवसाचे ठरलेले तास कार्टून, मग त्याच जागेवर टीएनटी नावाचं चॅनल सुरू होऊन हॉलिवूडचे जुने सिनेमे लागायचे. मुलांच्या दृष्टीनं हा रोजचा अपघात होता. टॉम पळतोय, पळतोय आणि थोड्या वेळानं कोट-टोपीतला कुणीतरी गोरा माणूस इंग्रजीत सिगारेट पेटवतोय. २००१ मध्ये चॅनल चोवीस तासांचं झालं, तोवर हेच चालू होतं. सुरुवातीला भाषाही इंग्रजीच होती, हिंदी डबिंग दशकाच्या शेवटाकडं आलं. तरी पोरं बघायची, कारण मांजरानं उंदराच्या मागं पळण्यात व्याकरण लागत नाही.

पण केबल यायला काय लागतं? दाट वस्ती. केबलवाला एका डिशवरून वायर ओढणार, मग घरटी महिन्याला पैसे घेणार. शंभर मीटरमध्ये वीस घरं असली तर त्याला परवडतं. त्यामुळं देशभर जे झालं तेच मावळातही होणार होतं. आधी लोणावळ्याचा बाजार, तळेगावच्या कॉलन्या, रेल्वे आणि हायवेलगतची गावं. डोंगराच्या पायथ्याला विखुरलेल्या पंधरा-वीस घरांसाठी कोण वायर ओढणार? तिथल्या पोरांचा ब्लॉक दूरदर्शनच राहिला आणि म्हणून त्यांच्या यादीत स्वॅट कॅट्स नसतात. त्यांच्या यादीत मोगली असतो आणि मग थेट १९९७ ला आलेला शक्तिमान. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं महिन्याचं भाडं नसलेली डीटीएच सेवा सुरू केली, डीडी डायरेक्ट प्लस. छत्रीचा खर्च एकदा केला की काम झालं. त्यानं डोंगराचा अडथळा गेला, कारण सिग्नल आता थेट आभाळातून येत होता. पण पैसे भरून बघायची कार्टून चॅनल त्यात नव्हती.

म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच वर्षी जन्मलेल्या, कदाचित पुढं एकाच कॉलेजात गेलेल्या दोन मुलांचं ‘आपलं बालपण’ वेगवेगळं निघतं. आणि पोस्ट कुणाची व्हायरल होते? ज्याच्याकडं वायर होती त्याची. दुसरा त्या पोस्टला लाइक करतो आणि गप्प बसतो.

बंद कुणी केला?

कुणी एकानं केला नाही. तेव्हाच्या दूरदर्शनचं गणित असं होतं की प्रायोजक किंवा निर्माता कार्यक्रम घेऊन यायचा, वेळेचे पैसे दूरदर्शनला द्यायचा आणि बदल्यात जाहिरातींची काही मिनिटं मिळवायचा. देशात एकच मोठं चॅनल असेपर्यंत हे मस्त चाललं. रविवारी सकाळी सगळा देश एका जागी बसलाय, मग रसनावाला काय, निरमावाला काय, सगळे रांगेत. एकदा केबल आली आणि मुलं दिवसभर कार्टून बघू शकतात म्हटल्यावर जाहिरातवाल्यांना रविवारची वाट बघायची गरज उरली नाही. शहरातली पोरं तिकडं गेली, त्यांच्या मागं पैसा गेला. गावातली पोरं इकडंच होती, पण जाहिरातीच्या हिशोबात त्यांचा भाव कमी.

दुसरं कारण हक्कांचं. परदेशी मालिका कायमची विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक वेळा दाखवण्यासाठी मिळते. मुदत संपली की पुन्हा करार. डिस्नेसारखी कंपनी आधी दुसऱ्यांच्या चॅनलवर आपली मालिका देते, लोकांना चव लावते आणि मग स्वतःचं दुकान काढते. भारतात ते दुकान १७ डिसेंबर २००४ ला उघडलं, डिस्ने चॅनल. त्याच वर्षी पोगो आणि हंगामासुद्धा आलं. आपला माल दुसऱ्याच्या गाड्यावर कोण ठेवेल?

लोणावळ्यात तर रविवारचीच तब्येत बदलली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईहून सकाळी निघून दुपारी भुशी डॅमवर भजी खाणं सोपं झालं. रविवार हा इथं आधीपासूनच धंद्याचा वार, आता तो युद्धाचा वार झाला. चिक्कीच्या दुकानात किंवा हॉटेलात घरच्यांना हात लावणाऱ्या पोराला रविवारी सकाळी टीव्हीसमोर बसायला तसाही वेळ उरला नसता.

कार्टून थांबलं आणि देशाला कळलं

ब्लॉकची ताकद किती असते याचं जगातलं सगळ्यात विचित्र उदाहरण हंगेरीचं आहे. १२ डिसेंबर १९९३, रविवार. हंगेरीच्या सरकारी टीव्हीवर मुलं ‘डकटेल्स’ बघत होती, आपल्याकडं लागायचं तेच. भाग मध्येच थांबला, पडदा बदलला आणि गंभीर संगीत सुरू झालं. पंतप्रधान योझेफ अंताल वारले होते. कम्युनिस्ट राजवट गेल्यानंतर निवडून आलेले ते पहिले पंतप्रधान. लहान मुलांना राजकारणातलं काय कळणार, पण बदकं कुठं गेली हा प्रश्न मात्र हजारो घरांत एकाच क्षणी विचारला गेला. १९८० च्या दशकात जन्मलेल्या त्या पिढीला हंगेरीत आजही ‘डकटेल्स पिढी’ म्हणतात. त्यांची सामायिक आठवण पंतप्रधानांची नाही, थांबलेल्या कार्टूनची आहे.

आता हेच आज झालं असतं तर? कुणी तो भाग सकाळी बघितला असता, कुणी परवा डाउनलोड करून ठेवला असता, कुणी दुसरंच काही बघत असतं. पिढीला नाव पडलं नसतं. मराठीत नॉस्टॅल्जियाला ‘स्मरणरंजन’ असा चांगला शब्द आहे, पण तो ऐकताना वाटतं की माणूस एकटा बसून जुनं काहीतरी आठवतोय. ब्लॉकची आठवण एकट्याची नसतेच. सोमवारी शाळेच्या मैदानात मोगली झालेल्या पोराला शेरखान लागतो आणि शेरखान व्हायला कालचा भाग त्यानंही बघितलेला असावा लागतो.

याची चाचणीसुद्धा झाली म्हणा ना. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं २८ मार्चपासून रामायण पुन्हा लावलं आणि ८ एप्रिलपासून जंगल बुक, दुपारी एक वाजता. तोच मोगली. लोकांनी स्क्रीनशॉट टाकले, मुलांना बोलावून शेजारी बसवलं, पहिल्या भागाला डोळे पाणावले. मग? मोबाइल हातात होताच. रामायण त्या दिवसांत तुफान चाललं, कारण घरातली सगळी पुन्हा एकत्र बसली. मोगलीला तसं जमलं नाही असं माझं मत आहे. ज्यांच्यासाठी तो लावला ते चाळिशीला टेकलेले आणि त्यांच्या पोरांना शिनचॅन पाहिजे होता.

आणि मराठी कुठं होती?

या सगळ्यात एक गोष्ट आपण बोलत नाही. मावळातल्या पोरानं हा ब्लॉक बघितला हिंदीत. मुंबई दूरदर्शनवर ‘किलबिल’ हा मुलांचा मराठी कार्यक्रम होता आणि ती पिढी त्याची आठवण काढते, पण तो कार्टूनचा ब्लॉक नव्हता. १५ ऑगस्ट १९९४ पासून मराठीला वेगळी वाहिनी मिळाली, जिला आज आपण सह्याद्री म्हणतो. मोगली मात्र मराठी बोलला नाही. नानाचा आवाज होता, भाषा नव्हती.

ही तक्रार नुसती अस्मितेची नाही. मूल ज्या भाषेत हसतं त्या भाषेत भांडायला आणि स्वप्न बघायला शिकतं. बांगलादेशात हा मुद्दा थेट सरकारपर्यंत गेला. तिथली पोरं हिंदीतलं डोरेमॉन बघून घरात हिंदी बोलायला लागली, त्यावरून ओरड झाली आणि २०१३ मध्ये सरकारनं ते प्रक्षेपण बंद केलं. पुढं डोरेमॉन बंगालीत डब होऊन आला. बंदी हा काही माझ्या मते उपाय नाही, पण डबिंग हा आहे. आपल्याकडं अलीकडं मुलांच्या काही वाहिन्यांनी मराठी ऑडिओचा पर्याय दिलाय. सेटटॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलता येते. किती घरांत ती बदलली जाते, हे आपापल्या घरात जाऊन बघा.

हरवलंय ते नेमकं काय

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं खरा मुद्दा. ‘डकटेल्स’ हरवलेलं नाही, मूळ इंग्रजी मालिका डिस्नेकडं सुखरूप आहे. जंगल बुकची जपानी मूळ प्रतही आहे. धोका असतो तो मधल्या वस्तूला, म्हणजे स्थानिक डबिंगला, तेव्हाच्या शीर्षकगीताला, निवेदिकेच्या दोन वाक्यांना, मधल्या जाहिरातींना. मूळ कंपनीला त्यात रस नसतो, कारण ते तिचं मुख्य काम नाही. प्रक्षेपण करणाऱ्याकडं ठेवायला कारण नसतं, कारण हक्क संपलेले असतात. आणि तेव्हा टेप महाग होती. पुसून पुन्हा वापरणं ही जगभरच्या टीव्ही केंद्रांची रीत होती. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’ या आपल्या लाडक्या मालिकेचे जुने भाग असेच घालवले. त्यातले नव्वदच्या आसपास आजही सापडलेले नाहीत.

याच्या उलट ‘एक अनेक और एकता’ बघा. १९७४ ची सात-आठ मिनिटांची फिल्म. ती केली विजया मुळे या मराठी बाईंनी, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं आणि गाणाऱ्या लहान मुलीचा आवाज पुढं मोठ्या गायिका झालेल्या साधना सरगम यांचा. ती आजही धडधाकट आहे. कारण ती फिल्मवर होती, सरकारी पैशातून बनली होती आणि तिच्या हक्काची मुदत संपणार नव्हती. कुठलं कार्टून टिकलं आणि कुठलं गेलं यात चांगलं-वाईटाचा संबंध नाही, कागदपत्रांचा आहे.

प्रसार भारती आता जुनी टेप्स यूट्यूबवर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या वेव्हज या अ‍ॅपवर टाकते. ते चांगलंच आहे. पण ब्लॉक जसाच्या तसा, जाहिराती आणि सूचनांसकट, कुणाकडं असण्याची शक्यता असेल तर ती घरोघरीच्या व्हीएचएस कॅसेटवर. ‘डॉक्टर हू’चे हरवलेले सगळे भाग आज निदान ऐकता येतात, ते याचमुळं. त्या काळी प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून आवाज भरून ठेवला होता.

म्हणून लोणावळ्यात, खंडाळ्यात, तुंगार्लीत कुणाच्या जुन्या घराच्या माळ्यावर लग्नाच्या कॅसेटशेजारी ‘रविवार’ असं पेनानं लिहिलेली कॅसेट पडली असेल तर घाई करा. व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, हिनं २०१६ मध्ये काम थांबवलं, त्यामुळं चालू मशीन दिवसेंदिवस कमी होणार. त्याहून मोठा शत्रू इथली हवा. दमट जागेत चुंबकीय फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून आत बघा, गुंडाळीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती मशीनमध्ये घालू नका. फीत फाटतेच, शिवाय बुरशी मशीनच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. कोरड्या जागी, उभी ठेवा आणि साफ करून डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडं न्या. आणि त्याला आधीच सांगून ठेवा, मधल्या जाहिराती कापू नको.